एझराची वेलबुट्टीवाली बंदूक

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो, आणि उत्तर मनातल्या मनात द्या — मोठ्यानं दिलंत तर शेजारचा ऐकेल! जो माल आपण दुसऱ्याच्या घरी धाडतो, तो आपल्या घरात ठेवायची आपली तयारी आहे का? आं? गप्प झालात!

मग चला अमेरिकेला. तिकीट नको, व्हिसा नको, फक्त झोपू नका!

फार जुनी गोष्ट. तिथल्या एका गावात एझरा नावाचा बंदुका विकणारा माणूस. त्या काळी तिथं चांगलं पोलाद मिळायची मारामार! जाणकार लोक बंदुकीच्या नळ्या थेट विलायतेहून, बेल्जियमहून मागवायचे. तिकडचे कारागीर लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळायचे, तापवून ठोकून त्यांची नळी करायचे, आणि नळीच्या अंगावर आपसूक वेलबुट्टी उमटायची. काय सांगू — पैठणीचा पदरच! गिऱ्हाईक बघूनच पाघळायचं.

एझरानं विचार केला — लोक बघतात काय? वेलबुट्टी! मग पोलाद हवंय कुणाला? घेतलं हलकं लोखंड, केली नळी, वर फासलं मेण, मेणात कोरली वेलबुट्टी, दिली तेजाबात बुडवून — झालं काम! "घ्या पाव्हणं, अस्सल बेल्जियमचं पोलाद! जहाजातून आलंय!" अहो, जहाज सोडा, त्या लोखंडानं गावचा ओढासुद्धा ओलांडला नव्हता!

एक दिवस शेजारच्या सायमनच्या हातात तसलीच एक बंदूक फुटली. बोटं गेली पोराची. एझरा म्हणतो कसा, "दारू जास्त झाली असेल!" — बंदुकीची दारू हो! मागच्या रांगेनं लगेच माना वर केल्या! सायमनची आई बिचारी रडून गप्प बसली. एझराला मात्र छान झोप लागली. लागतेच हो, बोटं दुसऱ्याची असली की!

आणि मग एझराच्या एकुलत्या एका पोरीचं, रूथचं, लग्न लागलं. आपल्याकडे फटाके, तसे तिथं अंगणात बंदुकीचे बार काढायचे. व्याही उठले — "एझराराव, जावयाच्या हातात तुमची वेलबुट्टीवाली द्या की!" एझरा "नंतर बघू, नंतर" करतोय, तोवर जावयानं, केलबनं, भिंतीवरची काढली, भरली, खांद्याला लावलीसुद्धा!

एझराला दरदरून घाम फुटला! बोलावं तर अब्रू जाते, गप्प बसावं तर जावई जातो! ओरडला, "थांबा! आज... आज मुहूर्त नाही!"

घ्या! जन्मात देवाच्या दारी न फिरकलेल्या माणसाला मुहूर्त आठवला! सगळे खो खो हसले. केलब म्हणाला, "मग मामंजी, पहिला बार तुम्हीच काढा. मान तुमचा!"

एझराचा हात पुढं होईना. बंदूक काय, तिचा पट्टासुद्धा धरवेना! तेवढ्यात रूथ हसत आली — "बाबा लाजतायत! आणा, मीच काढते!" आणि तिनं दस्ता खांद्याला टेकवला.

"नको गं पोरी!" एझरा धावला. बंदूक हिसकावली आणि घोड्यांच्या हौदात फेकली. "त्यात पोलाद नाही गं! फुटेल ती!"

रूथ बापाकडे वळली. म्हणाली, "बाबा, माझ्या हातातून हिसकावलीत. सायमनच्या हातातून का नाही हिसकावलीत?"

सायमन तिथंच उभा होता, बोटं गेलेला हात खिशात लपवून. एकेकानं आपापली बंदूक आणून एझराच्या पायाशी ठेवली आणि न जेवता घर गाठलं.

हसलात ना एझराला? हसा! अमेरिकेतला आहे, कीर्तनाला येणार नाही! आता जरा वर बघा. हा सभामंडपाचा नवा स्लॅब. ठेकेदार आपले आप्पासाहेब, पुढंच बसलेत. आप्पासाहेब, यात सळया कुठल्या घातल्या, असं मी विचारलं का? मुळीच नाही! देवाच्या दारात कोण विचारतो?

पण अहो आप्पासाहेब! नातवाला कडेवर घेऊन बाहेर कुठं निघालात? बाकीची पोरं आतच आहेत ना!

उठा मंडळी. आजचा गजर बाहेर पारावर करू. पोरांना आधी काढा.