खाडीच्या पाण्यानं धुतलेल्या पाट्या

मी जन्माची रेवदंड्याची, माहेर आणि सासर चार घरांच्या अंतरावर, आणि काय सांगू तुम्हाला, आमच्यात गोडं पाणी म्हणजे देवाच्या तांब्यातलं, प्यायला आणि भाताला तेवढंच, बाकी टोपल्या, होडी, ओटा सगळं खाडीच्या पाण्यानं धुवायचं. सासू म्हणायची, खाऱ्या पाण्याला कीड भिते.

माझा दिनेश लहानपणापासून पाण्याला भ्यायचा. लोक हसायचे, कोळ्याचा पोर आणि होडीत चढत न्हाय. तो अलिबागला जाऊन सोलरचं, उन्हातनं वीज काढायचं काम शिकला, पहिल्या चार पाट्या आपल्याच स्लॅबवर बसवल्या, म्हणाला, आये, हे बघून गाव मला काम देईल. शेजारची पारू म्हणाली, काय गो, आता ऊन पण टोपलीत घालून विकणार का? पण गावाची वीज गेली तेव्हा आमच्या पंख्याखाली तीच येऊन बसली, मुकाट्यानं. मग पाच घरांनी सांगून ठेवलं, आमच्याकडं पण लाव.

मग तो मुरूडकडं कामाला गेला, दोन महिने. जाताना म्हणाला, आये, दर आठ दिवसांनी पाट्या धू, धूळ बसू देऊ नको. कुठलं पाणी ते तो बोलला न्हाय, मी विचारलं न्हाय. पोराचं काम, म्हणून मी रोज धुतलं, खाडीवरनं दोन कळशा जिन्यानं वर न्यायच्या, मागच्या वायरींवर पण मारायचं, होडीला लावतो तसं हळदकुंकू लावायचं. पाट्या पांढऱ्या पडल्या, पंखा थांबला, मला वाटलं धूळच, मी अजून पाणी मारलं.

दिनेश आला, पाटीवरनं बोट फिरवलं, बोट जिभेला लावलं. मग माझ्याकडं बघितलं. मग वाकून पाट्यांच्या मागं हात घातला. वायरी हिरव्या पडून तुटल्या होत्या.

पाची घरं मागं फिरली. मी दारोदार गेले, सांगितलं, चूक माझी हाय, पोराचं काम चोख होतं. पारू म्हणाली, व्हय गो, आई पोराला झाकणारच. खरं बोलले तेच कुणाला पटलं न्हाय.

आता दिनेश होडीवर जातो. पाण्याला भिणारा माझा पोर. निघताना मला म्हणतो, आये, जेवून घे.

मी स्लॅबवर बसते, त्या पाट्यांशेजारी, आणि खाडीला म्हणते, बाय, तुला घरात मीच आणलं, राग माझ्यावर काढ, त्याला कोरडा घरी आण.