काही मास्तर गरीब

राळेगावच्या बसस्टँडवर माझ्या बाजूला लालीबाई आणि त्यांची सून अंजू बसल्या होत्या. अंजू तलाठीच्या परीक्षेला निघाली होती. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती. सासूला ती ‘याडी’, म्हणजे आई म्हणायची, आणि मांडीवरच्या पुस्तकातला एक प्रश्न तिला वाचून दाखवत होती.

“आईक याडी. सगळे मास्तर हुशार आहेत. काही हुशार माणसं गरीब आहेत. मंग काही मास्तर गरीब आहेत, असं म्हणता येते का?”

“येते ना वं. आपल्या तांड्यावरचा मास्तर तुटकी चप्पल घालून येते.”

“तो नाही. पुस्तकातले मास्तर.”

“ते कुठचे हायेत?”

“कुठचेच नाहीत. लिहिलं तेवढंच खरं मानायचं. हुशार अन् गरीब दुसरेच कोणी असू शकतात. म्हून हा निष्कर्ष चूक.”

“म्हणजे मी डोळ्यानं पाह्यलं ते खोटं?”

“मलेबी आधी असंच वाटे.”

“थांब, आता मी इचारतो. परीक्षेले बसलेल्या सगळ्या पोरी मेहनती हायेत. काही मेहनती पोरी नोकरीले लागतात. मंग तू लागशीन का?”

अंजूनं पुस्तक मिटलं.

“सांगता येत नाही.”

“हे उत्तर तरी बरोबर हाये का?”

“बरोबर हाये, याडी.”

“मंग तोंड काहून उतरलं तुयं?”