ताटाळ्यातलं अक्षर

...आणि वर मलाच म्हणतात, "ताई, तुम्ही निवांत बसा हो, हे फोनचं काम आहे." निवांत? माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून, माझ्याच सुनेच्या शाळेचं काम करताना मला निवांत बसायला सांगणाऱ्या या बाई कोण, तर आमच्या विहीणबाई, सुनेच्या मातोश्री. आठ दिवसांसाठी म्हणून आल्या त्या दोन महिने राहिल्या. मला त्याचं काही नाही.

तुम्हाला सांगते, झालं असं की सुनेच्या शाळेच्या छताचं काम निघालं, शाळा बंद, आणि मुलांना घरबसल्या फोनवरून शिकवायचं ठरलं. सून तिसरीला शिकवते. तिला ते तंत्र जमेना, तिच्या बरोबरच्या चौघींनाही जमेना, मग मदतीला बोलवावं कोणाला? मी मॅट्रिक. पहिल्या प्रयत्नात. अक्षरासाठी बक्षीस मिळालेली. मला शिक्षिका व्हायचं होतं हो, अर्जसुद्धा लिहून ठेवला होता, तो पोस्टात टाकायच्या आठवड्यातच लग्न ठरलं... असो. सुनेने बोलावलं आपल्या आईला, ज्यांनी सातवीनंतर शाळेकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. का, तर "आईला फोनमधलं सगळं कळतं."

मग काय, आमच्या बैठकीच्या खोलीत पाच शिकल्यासवरल्या शिक्षिका अर्धवर्तुळ करून बसलेल्या आणि मधोमध विहीणबाई. "मावशी, मुलं मला दिसतात, पण मी त्यांना दिसत नाही." "अगं, कॅमेऱ्यावर तुझा अंगठा आहे, तो काढ." की लगेच मावशींचं केवढं कौतुक! अंगठा काढ, हे सांगायला काय विद्वत्ता लागते? शिवाय, एका घरात दोन फोन चालू असले तर एकाचा आवाज बंद ठेवायचा, नाहीतर शिट्टी वाजते, हे त्यांनी इतक्या वेळा बजावलं की चहा देता देता मलाही पाठ झालं. ट्रेमधल्या सगळ्या कपांचे कान मी एकाच दिशेला ठेवत होते, पण ते बघतंय कोण? सुनेने "आई" अशी हाक मारली की आम्ही दोघी वळायचो. पुढे "ये" आलं तर त्या, "या" आलं तर मी. दिवसभर आपलं "ये, ये, ये." मला त्याचं काही नाही.

पण सगळं अडलं कुठे, तर लिहिण्यापाशी. अक्षर गिरवताना हात दिसायला हवा, म्हणजे फोन वहीच्या वर, तोंड खाली करून ठेवायला हवा. विहीणबाईंनी तो काठीला बांधला, पडला. टेबलावरच्या दिव्याला चिकटवला, पडला, तो थेट चहाच्या ट्रेमध्ये. मी उठले, स्वयंपाकघरातून ताटाळं आणलं, ताटं उभी करून ठेवायची तारांची मांडणी, ते टेबलावर ठेवलं, वर फोन आडवा, आत वही, बाजूने हात घातला आणि लिहिलं. पाचही जणी वहीवर वाकल्या. मग एकीने विचारलं, "हे अक्षर कोणाचं?" मी म्हटलं, "माझं." त्या दिवशी म्हणे चार घरांतली ताटं ताटाळ्यातून जमिनीवर आली.

तेव्हापासून सून बोलणार आणि मी लिहिणार. पडद्यावर एका चौकटीत सून, दुसऱ्या चौकटीत माझा हात, नुसता मनगटापर्यंत. रोज नखं बघून, समास आखून, शाईचा ठिपका न पाडता मी लिहीत होते, आणि पन्नास वर्षांनी का होईना, कोणीतरी माझं बघून उतरवून घेत होतं.

आणि चौथ्या दिवशी एक मूल म्हणालं, "चिंगीची आई, जरा हळू लिहा ना."

चिंगी म्हणजे आमची सून, माहेरचं लाडाचं नाव. ताटाळ्यावरचा फोन विहीणबाईंचा जुना, आणि त्यात त्यांनी स्वतःचं नाव घालून ठेवलेलं, 'चिंगीची आई'. म्हणजे माझ्या हाताखाली, ठळक अक्षरांत, विहीणबाई! सुनेला सांगितलं, तर म्हणते, फोन खाली काढला तर सगळं पुन्हा जुळवावं लागेल, नंतर बघू. विहीणबाईंना सांगावं, तर ते त्यांच्याकडे मागितल्यासारखं. मी मागेन? मला त्याचं काही नाही... पण तीस मुलं रोज चिंगीच्या आईला नमस्कार करत होती हो.

शेवटच्या दिवशी पालकसभा झाली, तीही फोनवरच. सून आतल्या खोलीत कुठल्याशा पालकांना सभेत कसं यायचं ते समजावत होती, आणि आम्ही दोघी बाहेर, विहीणबाईंच्या नव्या फोनसमोर. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "चिंगीच्या आईंचे विशेष आभार. असं अक्षर हल्ली बघायला मिळत नाही." टाळ्या. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. तेवढ्यात विहीणबाई ताठ झाल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "थांबा. तो हात माझा नाही, माझ्या विहीणबाईंचा आहे. मी नुसती बटणं दाबली. खऱ्या शिक्षिका ह्या."

शब्द न् शब्द सांगते आहे. दोन महिने मी ज्या बाईवर जळत होते, हो, जळत होते, आता काय लपवायचं, त्या बाई चारचौघांत असं बोलल्या! पण पडद्यावर एकाचीही मान हलेना. कशी हलेल? घरात दोन फोन, म्हणून एकाचा आवाज बंद, आणि बंद कोणाचा, तर नियम घालून देणारीचा. माइकच्या चित्रावरची ती लाल रेघ मला स्पष्ट दिसत होती. बोट लांब केलं असतं तर पोचलं असतं. पण माझ्याच कौतुकासाठी मीच आवाज सुरू करायचा आणि म्हणायचं, "हां, आता पुन्हा सांगा"? बरं दिसतं का ते?

सभा संपली. विहीणबाईंनी डोळे पुसले. "सांगून टाकलं एकदाचं, ताई. फार दिवस मनात होतं." मी म्हटलं, "छान बोललात." दुसरं काय म्हणणार?

काल त्या गेल्या. जाताना तो जुना फोन माझ्या हातात ठेवला, तुमच्या हाताला सवय झाली आहे म्हणाल्या. मुलं अजून त्यावर लिहिलेली पानं पाठवतात. मी तपासते, शेरा देते, आणि शेऱ्याच्या डोक्यावर नाव, चिंगीची आई. आज सून म्हणाली, "आई, ये इकडे, ते नाव बदलून देते." विहीणबाई गेल्यात, तरी मी आधी मागे वळून पाहिलं. मग म्हटलं, राहू दे गं. त्या नावाच्या बाईंचं अक्षर सुंदर आहे, असं सगळी शाळा म्हणते. मला कोण ओळखतं?