दाजींचा पेपर आणि बंदरावरचा चोर

...आणि वर लोक म्हणतात, घाबरू नका! अहो, घाबरू नका म्हटल्यावर कुणी घाबरायचं थांबलंय का? तुम्हाला सांगतो, आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, नववीला गणित शिकवतात, वर्गात चाळीस पोरं त्यांना टरकतात आणि घरी ते झुरळाला टरकतात, अशा माणसाला शाळेने वार्षिक परीक्षेचा पेपर काढायला सांगितला. गुप्त! फुटला तर नोकरी गेली, इतका गुप्त. आणि नेमकं त्याच आठवड्यात ताईने घरात ते बिनवायरचं इंटरनेट घेतलं, खोदकाम नाही, काही नाही, खिडकीत एक पांढरा डबा ठेवला की झालं.

दाजींनी सकाळी दार लावून पेपर काढला, शाळेच्या ऑनलाइन खात्यात ठेवला, चहाचा पहिला घोट घेतायत तोच मोबाइल वाजला. 'तुमचं खातं नुकतंच अमुक ठिकाणाहून उघडलं गेलं आहे.' अमुक ठिकाण म्हणजे? आठशे किलोमीटरवरचं बंदर! दाजींनी आयुष्यात जहाज पाहिलेलं नाही हो! कप हवेत, तोंड उघडं... ताई विचारतेय, 'अहो, काय झालं?' तर हे नुसते मोबाइल दाखवतायत.

सांगा, माणसाने घाबरायचं तरी किती?

पासवर्ड बदलला. मिनिट नाही झालं, परत मेसेज. तेच बंदर! आता नवा पासवर्ड खुद्द दाजींना पाठ झालेला नाही आणि चोराला पाठ? म्हणजे चोर बघतोय. कुठून? खोलीतूनच! दाजींनी पडदे ओढले, पलंगाखाली वाकून पाहिलं, मग ताईला म्हणाले, 'तू जरा बाहेर उभी राहा.' वीस वर्षांचा संसार, आणि बाहेर उभी राहा! तिसरा पासवर्ड बाथरूममध्ये, नळ सोडून, डोक्यावर टॉवेल घेऊन बदलला... बाहेर येतायत तोच टिंग! बंदर! 'अगं, त्याला टॉवेलच्या आतलंही दिसतं,' म्हणाले, आणि हसू नका हो. सव्वीस वर्षांची नोकरी, एक डाग नाही. पहिला पेपर रद्द केला, दुसरा काढला, मेसेज. तिसरा काढला, मेसेज!

माणसाने घाबरायचं तरी किती?

शेवटी गेले मुख्याध्यापिकांपुढे. बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, 'सर, परीक्षा परवा आहे. पेपर कुणाला दाखवलात?'

'मी नाही दाखवला बाई, तो बघतो.'

'तो कोण?'

'बंदरावरचा.'

बाईंनी कॉम्प्युटरच्या मॅडमना दाजींबरोबर घरी धाडलं. मॅडमनी दोन मिनिटं खटखट केलं आणि म्हणाल्या, 'सर, या कंपनीचं इंटरनेट त्या बंदराच्या गावातून बाहेर पडतं. त्यामुळे तुमच्या खात्याला वाटतं, तुम्ही तिथेच बसलाय.'

'म्हणजे चोर...?'

'तुम्हीच, सर.'

ताई म्हणाली, 'आणि मी बाहेर उभी!'

तुम्हाला वाटलं, सुटले? अहो, एकदा अंगात शिरलेली भीती अशी लगेच निघते होय? दाजी म्हणाले, डबा नको, कॉम्प्युटर नको, मॅडमही नकोत! चौथा पेपर हाताने लिहिला, पाकिटात घातला, पाकीट शर्टाच्या आत, आणि दर दहा पावलांना मागे बघत शाळेत नेऊन दिला. शपथ घातली, उघडायचं नाही. बाईंनी तसंच छापखान्यात धाडलं. परीक्षेच्या दिवशी पोरं अर्ध्या तासात, हसत हसत बाहेर! का? घाबरलेल्या हाताने पाकिटात कुठली प्रत घातली होती? पेपर तपासायला स्वतःसाठी वेगळी लिहिलेली... प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर!

बाईंनी बोलावून घेतलं. 'सर, पेपर फुटला.'

दाजी एकदम शांत. पंधरा दिवसांत पहिल्यांदा शांत. 'हो बाई,' म्हणाले, 'पण कुणी फोडला, ते तरी आता नक्की माहीत आहे.'