आप्पांचा नंबर

सर्व्हरच्या सेटिंगचा विषय निघालाच आहे तर माझं ऐका. यवतला मोबाईल नवे होते तेव्हाची गोष्ट. ऊसतोडीची टोळी उद्या कुणाच्या रानात येणार, हे शेतकऱ्यांना मेसेजनं कळवायचं काम एका साखर कारखान्यानं मला दिलं होतं. चाचणीचा सर्व्हर वेगळा, खरा वेगळा. चाचणीत सगळे मेसेज एकाच नंबरवर जायचे, आणि तिथं मी माझ्या घरमालकांचा, आप्पांचा नंबर टाकला होता. खऱ्या सर्व्हरवर मी चुकून चाचणीचीच सेटिंगची फाईल चढवली.

आठ दिवसांनी आप्पा ऑफिसात आले. "साहेब, आख्ख्या गावाचे मेसेज मलाच येत्यात."

मी विचारलं, "मग लोकांना कळलं कसं?"

"मी सांगितलं की. आपल्या पॅनेलच्या लोकांना."

"आणि विरोधी पॅनेलच्या?"

"त्यांच्या रानात टोळी गेली, तर तिथं कुणीच न्हाई. मग टोळी गेली फुडं."

"आप्पा, आत्ता दुरुस्त करतो."

आप्पांनी खुर्ची पुढं ओढली. "तेच सांगाया आलोय. सोसायटीचं इलेक्शन होईस्तवर ऱ्हाऊ द्या असंच."