तानबाचा कागद

आन वर म्हंत्यात, दोनच मिन्टं बोला! तुमाला सांगतो, पालीत मांडव घातलेला, राजगडाच्या पायथ्याला धा देशांची मानसं बसलेली, हवामान बिघडलं म्हनून समद्यांनी मिळून भाताचं काय करायचं ह्यावर बैठक, आन आमच्या मानसिंगतात्यांच्या, शहात्तर वर्सांच्या मानसाच्या हातात शेतीखात्याच्या सायबानं चिठ्ठी दिलेली, "तात्या, एवढंच वाचायचं. चिखलातून मिथेन वायू निघतो, म्हणून आम्ही खाचरातलं पाणी मधेमधे काढतो." आता आमच्या वेल्ह्यात आखाडात पानी काडायचं? ढग काय सायबाच्या हाताखाली हाय? पर तात्यांनी ती चिठ्ठी खिशात घातली आन दुसऱ्या खिशातनं दुसराच कागद काडला... आता कुनाला बोल लावायचा, सांगा.

तर हा कागद तानबाचा. खरं नाव तानाबे, जपानचा. तात्या वीस-बावीस वर्सांचं असताना भात लावायची जपानी पद्धत शिकवाया आलेला, दोन पावसाळं तात्यांच्याच पडवीत ऱ्हायला. दोरी धरून सरळ वळीत रोपं लावायचा, तर बांधावनं शेजारचा कोंडिबा इचारायचा, "भात लावताय का भिंत बांधताय?" आन दिवाळीला वळीतलं भात दीडपट निघालं तवा ह्योच कोंडिबा दोरी मागाया दारात हुबा! जाताना तानबानं तात्यांच्या आंबेमोहराचं मूठभर बी नेलं, आन मग सुरू झाली पत्रं. त्याचं इंग्रजीत यायचं, चिमाजी गुरुजी वाचून दाखवायचं, तात्या सांगतील ते इंग्रजीत लिवून धाडायचं. तिकडं बर्फ पडला, हिकडं करपा पडला, तिकडं पोरगं झालं, हिकडं म्हस व्याली... सत्तावीस-अठ्ठावीस वर्सं हे चाललं, तुमाला सांगतो, सख्ख्या भावाभावात चालत न्हाई.

आन नव्व्यान्नव साली जे पत्र आलं ते पार जपानीत. गुरुजींनी सरळ धरलं, उलटं धरलं, म्हनलं, "मानसिंग, ह्यातलं मला फक्त तिकीट कळतंय." तात्यांना लागलं ना ते! म्हनलं, "आमाला येत न्हाई हे म्हाईत असून त्याच्या भाषंत लिवतो. मोठा झाला तानबा." बास, त्या दिसापास्नं पत्र बंद. सव्वीस वर्सं जपानचं नाव काडू दिलं न्हाई घरात. रागावलं, पर कागद काय फेकला न्हाई, दोन पिशव्यांत गुंडाळून डब्यात. मागं नातसुनंनं, स्नेहलनं, मोबाईल धरला त्याच्यावर, तर मोबाईल म्हंतो, "आदरणीय मूत्रपिंड, गाडी भिजली आहे." अक्षर गिचमीड, मोबाईल तरी काय करंल? आता कुनाला बोल लावायचा, सांगा.

तर मांडवात जपानी पाव्हन्यांची दुभाषी हुती मैथिली, पुण्याची पोरगी. तात्यांनी कागद तिच्या म्होरं धरला. "बाई, शिवी आसंल तरी वाच." तिनं आदी मनात वाचलं. मग माईक बाजूला केला आन हळू बोलली:

"मानसिंग, इंग्रजी लिहून देणारी माझी बायको होती. ती मार्चमध्ये गेली. मला इंग्रजी येत नाही, म्हणून माझ्याच अक्षरात लिहितो. तुम्हाला हे वाचता येणार नाही, ठाऊक आहे. पण दुसरं कुणी नाही, ज्याला सांगावं. तुमचं भात इथल्या थंडीत कधीच पिकलं नाही. तरी दर वर्षी कुंडीत एक रोप लावतो, नुसता हिरवा वास येतो. काहीही उत्तर पाठवा."

तात्या खुर्चीत बसलं न्हाईत, खाली चटईवरच बसलं. सायेब वाकून म्हनला, "तात्या, मिथेनचं राहिलं." तात्या म्हनलं, "तुमी वाचा सायेब. मला वाचाया उशीर हुतो."

जपानी पाव्हन्यानं तिकडं फोनाफोनी केली, आठ दिसांनी मैथिलीचा निरोप आला. तानबा पत्र लिवलं त्याच साली हिवाळ्यात गेला. घर हाय, घरात सून असती. तात्यांनी दोन दिस भाकरीला हात लावला न्हाई. साळूबाईनं, त्यांच्या मालकिनीनं, ताट म्होरं केलं की म्हनायचं, "सव्वीस वर्सं शिव्या घातल्या गं म्या." आन तिसऱ्या दिशी पेन घेऊन बसलं. मैथिली म्हनली, मी जपानीत लिहून देते. तर न्हाई. पत्ता तेवढा तिच्याकडनं लिवून घेतला, बाकी समदं मराठीत, सोताच्या हातानं.

आन गेलं भोरच्या पोस्टात. खिडकीतल्या उपेंद्ररावांनी उघडा कागद बघितला, चष्मा वर केला. "अहो, हे मराठीत आहे. जपानात कोण वाचणार?"

"कुनी न्हाई," तात्या म्हनलं. "जपून ठिवतील. म्या बी तेच केलं."