तांबीच्या पायाची पट्टी

...नाही, नाही, लालसूभाऊ, मी नाही म्हणतच नाहीये. बसा हो, उभे का असे? बंदूक त्या खांबाला टेकवा, नळी तिकडे, हां. पाळी माझ्या घराची आहे, मान्य. पण आधी हा पाय तर बघा हिचा. पंजाखालची गादी कशी चिरली आहे, दिसतं का तिथून? बांबूचा खुंट लागला. त्या बिबट्यासाठी सगळ्या गावानं कुंपणाला बांबूचे टोकदार खुंट ठोकले ना, मीही ठोकले, तो आत येऊ नये म्हणून — आणि पाय पडला कोणाचा? हिचा. माझ्याच कुत्रीचा. असंच होतं माझं. करायला जातो एक... बिबट्या म्हणालो का मी? चुकलो, चुकलो. दिवेलागण झाली की नाव घ्यायचं नसतं तुमच्यात. मी आयुष्यभर नागपुरात कॉलेजातल्या पोरांना तर्कशास्त्र शिकवलं, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही — म्हणजे नव्हता — राहू द्या. आपण ‘तो’ म्हणू.

तांबी, हलू नको. मिठाचं कोमट पाणी आहे, झोंबतं थोडं. आधी माती निघाली पाहिजे सगळी, नाहीतर आतून पिकतं. बांबूचं कुसळ आत राहिलं नाही ना, तेही बघायला हवं — माझा चष्मा... इथे आहे. नाही, कुसळ नाही. मग फडक्यानं दाबून धरायचं, घासायचं नाही. बघा, चावत नाही. कोणी दुसरा असता तर फाडून काढला असता तिनं. आता करंजीचं तेल आणि हळद — तेल कडू म्हणून, चाटत नाहीत मग. ही धोतराची पट्टी. फार आवळायची नाही, बोटं गार पडतात. मला वाटतं बरोबर केलंय मी. की सैल झाली? तुम्ही काय करता हो तुमच्या कुत्र्यांना? — हो, हो, तुमची आता नाहीत. माफ करा. माझ्या लक्षातच राहत नाही.

सभेत पाळीचं कोणी काढलं? मीच ना? तुम्ही सगळे भांडत होता, मचाणाखाली कोणाचं जनावर बांधायचं — आणि मी शहाणा उभा राहिलो. म्हटलं, घरामागून घर धरा, म्हणजे कोणावर अन्याय नाही. मुखरू म्हणाला, “वा मास्तर, शिकल्यासवरल्याची गोष्टच न्यारी!” मला बरं वाटलं हो तेव्हा. रुखमाबाईची शेळी बांधली, सकाळी पाला खात परत आली. कोलूचा बोकड, तोही आला. मला वाटलं, पाळी म्हणजे एवढंच. रात्रभर दोरी, सकाळी घरी. शेळीला तो शिवत नाही हे — काय? शेळी चुपचाप राह्यते? अंधारात ओरडत नाही, म्हणून त्याला कळत नाही? हं. असेल. आणि त्याला चटक कुत्र्यांची, तेही खरं. ओसरीवरची नेली, खळ्यातली नेली. कुत्री संपली आणि मग सुगंधाबाईची पोर... आंगणातून, आई चुलीपाशी असताना. माहीत आहे मला. मी होतो ना तिथे सकाळी. ती ओढणी — नको ते.

पण म्हणून तर सांगतो, हिचा काही उपयोग नाही तुम्हाला! चालताच येत नाही हिला. त्या नाल्यावरच्या मचाणापर्यंत कशी येणार? पाय टेकला की रक्त. आणि किती ओरडते, तुम्हाला कल्पना नाही — मघाशी धुताना ओरडली, तर पलीकडच्या वस्तीतून इंदुताई विचारायला आल्या. रात्री नुसती कूस बदलली तरी विव्हळते, थांबतच नाही, सबंध रात्रभर —

काय झालं? असे का बघताय?

काय म्हणालात? “चालाची गरज नाई. उचलून नेतो. ओरडली तं बरंच हाये.”

हो. हो, बरोबर. बरोबर आहे तुमचं. मी... काय बोललो मी हे? लालसूभाऊ, मी वाढवून सांगितलं हो, एवढी नाही ओरडत ती, साधी चीर आहे, दोन दिवसांत भरेल — आता काय, कोण विश्वास ठेवणार. उद्या चांद्याहून जंगलखात्याचे साहेब येतील, त्यांची बंदूक चांगली, एक दिवस थांबलं तर — आज कोणाचं पोर जाईल? हो. ते तर आहेच.

ती कोण कुंपणापाशी? सुगंधाबाई? कधीपासून उभी आहे? आत या म्हणा तिला. येत नाही? नुसती बघते आहे.

पट्टी सोडायची? हो, करंजीचा वास. त्याला माणसाच्या हातचा वास नको. रक्ताचा हवा. तुम्ही नका हात लावू, चावेल. मी सोडतो. सैल नव्हती हो, चांगली बसली होती. थांब, तांबी. झालं. झालं बरं.

हिच्या गळ्यातली दोरी माझ्या हातात आहे ना अजून? ही सुटली माझ्याकडून. म्हातारा हात, सुटते कधी कधी — लालसूभाऊ, तुम्ही जरा तिकडे बघा. तांबी, जा! मागचं दार उघडं आहे, जा! हाड! हाड म्हणतो ना! हाड...

बघा. पाय पुढे करते आहे. तिला वाटतंय, पट्टी बांधायची राहिलीय.

उचला. मानेखाली हात घाला, पायाला धरू नका. नाही, काही बोलू नका आता माझ्याशी. जा तुम्ही. जा.